चार कप्पे, तीन घड्याळे: हृदयाच्या चालत्या मॉडेलच्या नोंदी

काय बनवले: ९० × ६० सेंमी प्लायवूडच्या फळीवर, रंगीत पाण्यावर चालणारे चार कप्प्यांचे हृदय. उजवी बाजू पाणी ‘फुप्फुसा’च्या बाटलीत टाकते, डावी ते ‘शरीरा’च्या बाटलीत. अशी मॉडेल्स बरीच असतात, पण त्यांत एकच कंट्रोलर टायमर लावून चारही कप्प्यांना हुकूम सोडतो. खऱ्या हृदयात असा मुकादम नसतो. तिथे ठोका देऊ शकणाऱ्या जागा अनेक आहेत. जी सर्वांत जलद तिचे बाकीच्या ऐकतात, आणि ती गप्प झाली की पुढची कामाला लागते. ते दाखवायचे म्हणून एसए नोड (वरच्या कप्प्यातला, मुख्य ठोका देणारा), एव्ही नोड (वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला) आणि निलय (खालचे कप्पे) यांना एकेक वेगळे अर्दुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) दिले. तिघांमध्ये फक्त निरोपाची तार.

अंदाज होता चार आठवड्यांचा, लागले आठ. वाया गेलेले सामान: रबरी पिशव्या ७, दाब मोजणारा सेन्सर १, सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनात फिरणारी) २, स्प्रिंगच्या झडपा ४.

५ जानेवारी. सिरिंजचा पंप (रद्द)

निलयासाठी ६० मिलीच्या दोन सिरिंज, दट्ट्या ओढायला-ढकलायला सर्वो. जोडणी एका दिवसात झाली आणि पाणीही फिरले. पंधरा मिनिटांनी फुप्फुसाची बाटली भरून वाहू लागली.

कारण हिशेबातच होते. उजवी सिरिंज ठोक्याला २८ मिली टाकत होती, डावी झडपेच्या गळतीमुळे २५. फरक ३ मिलीचा, पण मिनिटाला ७५ ठोके म्हणजे २२५ मिली पाणी एकीकडून दुसरीकडे सरकते. दट्ट्याचा प्रवास बारीक करून पाहिला, तरी अर्ध्या तासात तेच. दोन ठरावीक मापाचे पंप एकामागे एक जोडले की हे होणारच.

हृदयात ही अडचण येत नाही, कारण निलय ठरावीक माप टाकतच नाही. जास्त रक्त आले की स्नायूचे तंतू जास्त ताणले जातात, आणि ताणलेला तंतू जास्त जोराने आकुंचन पावतो (फ्रँक-स्टार्लिंगचा नियम). आले तेवढे पुढे जाते. सिरिंज मात्र पाणी स्वतःच ओढून घेते, किती यायचे ते ठरवू देत नाही. सिरिंज काढल्या.

१० जानेवारी. पिशवी आणि पाट

जाड फुग्यात फुगा घालून दोन थरांची पिशवी केली. मागे स्थिर फळी, पुढे ४ × ६ सेंमीचा ॲक्रिलिकचा पाट. सर्वो पाट दाबतो आणि मागे घेतो. पाट पिशवीला चिकटवायचा नाही, ही यातली कळीची गोष्ट. पाट मागे गेला की पिशवी वरच्या बाटलीतल्या पाण्याच्या उंचीने आपली आपण भरते. दाबताना पाट दर वेळी त्याच जागी थांबतो, म्हणून जेवढे जास्त आले तेवढे जास्त बाहेर जाते. दोन तास चालवले, दोन्ही बाटल्यांची पातळी बोटभरही हलली नाही. हा स्टार्लिंगचा नियम नव्हे, इथे स्नायूच नाही. पण परिणाम तोच.

भरलेली पिशवी ४८ मिली, बाहेर जाते २५. माणसाचे डावे निलय भरते साधारण १२० मिली आणि टाकते ७०. प्रमाण जवळपास जमले.

जोराचा हिशेब आधी करा, नंतर नको. डाव्या बाजूला दाब हवा १२० मिमी पाऱ्याचा, म्हणजे १६३ सेंमी पाण्याचा स्तंभ, म्हणजे दर चौरस सेंमीला ०.१६३ किलो. २४ चौरस सेंमीच्या पाटावर ३.९ किलो. १० किलो-सेंमीच्या सर्वोला दीड सेंमीचा हात लावला तर तो साडेसहा-पावणेसात किलोपर्यंत ढकलतो, म्हणजे चालते. हात ३ सेंमीचा लावला होता तेव्हा सर्वो नुसता गुरगुरत होता, आणि त्यातच एक जळला. उजव्या बाजूला २५ मिमीचाच दाब हवा, तिथे एक किलोही लागत नाही, लहान सर्वो पुरतो. डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या तिप्पट जाड का असते ते दोन सर्वो शेजारी ठेवले की न सांगता कळते.

बिजागरी पहिल्यांदा खाली बसवली ती चूक. पाट वरून मिटायचा आणि तळाचे पाणी तिथेच अडकायचे, ठोक्याला जेमतेम १५ मिली बाहेर. बाहेर जायची वाट वर आहे, तेव्हा दाब तळापासून वर यायला हवा. बिजागरी वर घेतली. हृदयातही विजेचा निरोप हिस बंडल आणि पर्किंजे या निरोप वाहणाऱ्या तंतूंवरून खालच्या टोकाकडे आधी पोचतो आणि वरची बाजू शेवटी आकुंचन पावते. महाधमनीचे तोंड वरच असल्याने दुसरा क्रम परवडणारा नाही.

१४ जानेवारी

चार पिशव्या एकाच दिवशी फाटल्या. गळ्याशी पकड बसावी म्हणून पेट्रोलियम जेली लावली होती. तेलकट पदार्थाने लॅटेक्स सडते. सिलिकॉन ग्रीस किंवा ग्लिसरीन लावा. चार दिवसांचे काम गेले, याहून जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

१७ ते २६ जानेवारी. झडपा

सर्वांत जास्त वेळ इथे गेला.

तयार मिळणाऱ्या स्प्रिंगच्या एकमार्गी झडपा आधी लावल्या. अलिंदाकडून (वरच्या कप्प्याकडून) येणारा दाब ५ ते १० मिमी पारा, म्हणजे ७ ते १४ सेंमी पाणी. स्प्रिंग तेवढ्याला उघडतच नव्हती आणि पिशवी रिकामीच राहत होती. बाटली ६० सेंमी वर टांगली की चालायचे, पण मग ते हृदय उरत नाही. हृदयाच्या झडपांना ना स्प्रिंग ना स्नायूची ओढ. मागचा दाब पुढच्यापेक्षा जरा जास्त झाला की उघडतात, उलटा झाला की मिटतात.

मग अर्धा मिमी जाडीच्या सिलिकॉन पत्र्याच्या दोन पाकळ्या कापून २५ मिमीच्या भोकावर बसवल्या. उघडायला उत्तम. पण निलय दाबले की पाकळ्या उलट्या होऊन अलिंदात घुसायच्या. पत्रा जाड घेतला तर उघडेना. उपाय हृदयात आहे तोच: पाकळीच्या कडेला दोरे. प्रत्येक पाकळीला चार नायलॉन दोरे, दुसरे टोक निलयाच्या स्थिर फळीला.

दोऱ्याची लांबी ठरवायला तीन दिवस गेले. १९ मिमीला पाकळ्या पूर्ण मिटत नाहीत, मधून धार लागते. २५ मिमीला पुन्हा उलटतात. २२ मिमीला बसले. दोरे झडप ओढून उघडतात किंवा मिटवतात असा समज असतो, तो सोडून द्या. ते फक्त उलटू देत नाहीत. हृदयात तर निलय आकसल्यावर दोरे ढिले पडतील, म्हणून त्यांच्या बुडाशी पॅपिलरी स्नायू असतात. तेही त्याच वेळी आकसतात आणि ढिलाई खेचून घेतात. आमच्याकडे दोरे न हलणाऱ्या फळीला असल्याने ती गरज पडली नाही.

महाधमनीची झडप त्यामानाने सोपी, तिला दोरे नाहीत. २५ मिमी आतील व्यासाच्या नळीचा घेर ७८.५ मिमी. तेवढ्या लांबीची, १८ मिमी उंचीची पातळ रबरी पट्टी खालच्या कडेने पूर्ण चिकटवा, आणि वरची कड फक्त तीन ठिकाणी, सारख्या अंतरावर. तीन खिसे होतात. मिटताना प्रत्येक खिशाच्या कडेला भिंतीपासून मध्यापर्यंत जाऊन परत यायचे असते, म्हणजे दोन त्रिज्या, २५ मिमी. तिच्याजवळ घेराचा तिसरा भाग आहे, २६.२ मिमी. मिलिमीटरभर जास्तच, म्हणून तीन खिसे बरोबर मध्ये भेटतात. दोन खिसे करून पाहिले, तेव्हा कडा सुरकुतली आणि पाणी गळले.

अलिंदाच्या वर, बाटलीकडच्या नळीतही एक झडप लावली होती. ती काढली. हृदयात तिथे झडप नाही. अलिंद आकसले की थोडे पाणी उलटे जाते आणि उभ्या नळीतली पातळी ठोक्यागणिक उचलते. गळ्याच्या शिरेत हीच लहर दिसते.

३० जानेवारी. दाब शून्यावर

डाव्या निलयापासून ताठ पीव्हीसी नळी. गेजचा काटा १५० वर जायचा आणि दोन ठोक्यांच्या मध्ये शून्यावर पडायचा. शिवाय फळीला दणका. ताठ नळीत दाब साठवायला जागाच नसते. खरी महाधमनी ठोक्याला फुगते आणि झडप मिटल्यावर आकसून रक्त पुढे ढकलत राहते, म्हणून दाब ८० च्या खाली जात नाही.

नळीला उभी बाटली जोडली, आत हवा. १०० मिली हवेने काही फरक पडला नाही. दाब चढल्यावर ३५० मिली हवा उरेल अशी भरली तेव्हा १२० आणि ८० च्या आसपास स्थिरावले. पुढच्या टोकाला स्क्रूचा चिमटा. तो आवळला की दाब चढतो, सैल केला की उतरतो.

३ फेब्रुवारी. वीज

चारही सर्वोंना अर्दुइनोच्या ५ व्होल्ट पिनमधून वीज दिली. पहिल्याच ठोक्याला बोर्ड रीसेट. मोठा सर्वो अडला की एकटाच दोन-अडीच अँपिअर ओढतो. वेगळा ६ व्होल्ट, १० अँपिअरचा पुरवठा घेतला, सर्वोंच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि सगळ्यांचे ग्राउंड एक. ग्राउंड जोडायला विसरलो तेव्हा सर्वो भूत लागल्यासारखे नाचले.

८ फेब्रुवारी. पहिले घड्याळ

एसए नोडच्या बोर्डात सरळ ‘८०० मिलिसेकंदांनी निरोप’ असे लिहिले नाही. पेशीत होते तसे केले: आकडा (मिलिव्होल्ट) −६० पासून हळूहळू चढतो, −४० ला पोचला की ठोका, मग १५० मिलिसेकंद विश्रांती, पुन्हा −६०. एसए नोडची पेशी ठोक्यानंतर शांत बसतच नाही. सोडियम आत झिरपत राहतो आणि विद्युतदाब आपोआप उंबरठ्याकडे सरकतो. चढायला ४५० मिलिसेकंद ठेवले, एकूण ६००, म्हणजे मिनिटाला १००. मज्जातंतू पूर्ण तोडले तर माणसाचा एसए नोड साधारण याच गतीने चालतो. विश्रांतीतले ७०-७२ हे व्हेगस मज्जातंतूने लगाम ओढून धरल्यामुळे.

व्हेगसचा नॉब दोन गोष्टी करतो: सुरुवात −६४ वर नेतो आणि चढ मंद करतो. चढायला ६८३ मिलिसेकंद, ठोके ७२. सुरुवातीचा आकडा न बदलता फक्त चढ कमी करूनही ७२ मिळतात, पण व्हेगस सोडतो त्या ॲसिटिलकोलिनने पोटॅशियमची वाट उघडते आणि पेशी खरोखर खोल जाते, म्हणून दोन्ही ठेवले.

११ फेब्रुवारी. दोन घड्याळे, एक तार

एव्ही नोडच्या बोर्डाचे स्वतःचे घड्याळ ५० चे, निलयाचे ३५ चे. नियम एकच: वरून निरोप आला की आपले घड्याळ शून्यावर आणायचे. निलयाच्या बोर्डात ही ओळ राहिली आणि मधूनच एक फालतू ठोका पडू लागला. वरचा ठेका चालू, शिवाय स्वतःचा ३५ चा. एक ओळ, दीड दिवस.

एव्हीचा उशीर १२० मिलिसेकंद ठेवला होता. कागदावर बरोबर, फळीवर नाही. सर्वोला हलायला वेळ लागतो, अलिंद अर्धेच दाबलेले असताना निलय सुरू व्हायचे. १६० केले. अलिंदाची मदत चालू-बंद करून मोजली: चालू असताना ठोक्याला २५ मिली, बंद असताना २१. माणसातही विश्रांतीत अलिंदाचा वाटा साधारण पाचवा हिस्साच असतो, बाकीचे रक्त आपोआप उतरते.

उशीर शून्य करून पाहा. अलिंद मिटलेल्या झडपेवर आपटते आणि उभ्या नळीतले पाणी उसळते.

१५ फेब्रुवारी. खोटे ठोके

सर्वो हलला की निलयाला आपोआप जादा ठोका. निरोपाची ४० सेंमीची तार सर्वोच्या तारेला चिकटून होती आणि पिन मोकळी. १० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला, तार ग्राउंडच्या तारेबरोबर पिळून घेतली, थांबले.

काढून टाकण्याआधी मात्र एक पाहिले. जादा ठोक्यात जेमतेम ९ मिली गेले, कारण भरायला वेळ नव्हता. त्यामागून लांब विराम, आणि पुढच्या ठोक्यात ३१ मिली. ‘हृदय एक ठोका चुकले’ असे लोक म्हणतात तेव्हा ठोका चुकलेला नसतो. लवकर पडलेला जाणवत नाही, पुढचा जोराचा जाणवतो.

१८ ते २२ फेब्रुवारी. वळसा

खालून वर निरोप नेणारी तारही टाकली, म्हणजे निलयाने आपणहून ठोका दिला तर वरच्यांना कळावे. चालू करताच सर्वो ३३० च्या गतीने थरथरू लागले, पाणी पुढे सरकेना. एव्हीने निलयाला निरोप दिला, निलयाने वर कळवला, एव्हीने तो नवा समजून पुन्हा खाली. एक फेरी १८० मिलिसेकंदांची: एव्हीचा उशीर १६०, वाटेतले २०.

राहिले होते ते बहिरेपण. हृदयाची पेशी एकदा पेटली की काही काळ दुसरा निरोप घेतच नाही. निलयाच्या पेशीत हा काळ सुमारे २५० मिलिसेकंद, कारण कॅल्शियम आत येत असल्याने तिचा विद्युतदाब तेवढा वेळ वरच राहतो. हातापायाच्या स्नायूत विद्युतलहर काही मिलिसेकंदांत संपते, म्हणून तो निरोपांमागून निरोप घेऊन आवळलेला राहू शकतो. हृदयाला ती चैन नाही, आवळून राहिले तर भरणार कधी? निलयाला २५० चे बहिरेपण दिले, आणि एव्हीला हा तक्ता. मोजायचे ते शेवटचा निरोप खाली गेल्यापासून:

५०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त: उशीर १६०
३०० ते ५००: उशीर २२०
२०० ते ३००: उशीर २८०
२०० पेक्षा कमी: निरोप टाकून द्यायचा

अंतर वरच्या निरोपापासून मोजू नका. तसे केले होते तेव्हा पुढची गंमत दिसलीच नाही. आकडे मुद्दाम सुस्त घेतले आहेत, खरा एव्ही नोड याहून बराच तरतरीत असतो.

एसए १२८ वर नेला (४७० मिलिसेकंद). उशीर १६०, मग २२०, मग २८०, चौथा निरोप गळाला, पुन्हा १६०. वर १२८, खाली ९६. इसीजीवर डॉक्टर ज्याला वेंकेबाख म्हणतात तो नमुना, चार ओळींच्या तक्त्यातून आपोआप. वरून १०० ते १७० मिलिसेकंदांच्या वेड्यावाकड्या अंतराने निरोप सोडले तर निलय ११० च्या आसपास, दोन अंतरे सारखी नाहीत. अलिंद फडफडू लागले तरी जीव वाचतो तो या आळशी चाळणीमुळे.

वर जाणाऱ्या तारेत २५० मिलिसेकंदांचा उशीर घातला तर वळसा परत येतो: २० + २५० + २८० = ५५०, मिनिटाला १०९, आणि एसए नोड सतत रीसेट होत असल्याने मुका. १९३० मध्ये वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट यांनी वर्णिलेल्या विकारात अशीच जादा वाट असते, फक्त फेरी याहून जलद. आता व्हेगसचा नॉब फिरवून एव्हीची खालची मर्यादा २०० ची ३०० केली. निरोप २७० ला येतो, गळतो, वळसा तुटतो, पुढचा ठोका एसएचा. अशा धडधडीत रुग्णाला श्वास कोंडून कुंथायला सांगतात ते याचसाठी.

२५ फेब्रुवारी. तार कापली

एव्ही आणि निलय यांमधली तार काढली. अलिंद ७२, निलय ३५, एकमेकांशी संबंध नाही. मधेच दोन्ही एकदम दाबतात आणि नळीत पाणी उसळते. आमचे निलय पावणेदोन सेकंदांत स्वतःच्या ठेक्यावर येते. माणसात अचानक तार तुटली तर खालचे घड्याळ जागे व्हायला कित्येक सेकंद लागू शकतात आणि तेवढ्यात माणूस कोसळतो. हे मॉडेलमध्ये घातलेले नाही.

२८ फेब्रुवारी. दाबाचा लगाम

महाधमनीच्या नळीवर ०–५० किलोपास्कलचा सेन्सर. पहिला पाणी शिरून मेला. सेन्सरची नळी वरून घ्या आणि तीत हवेचा स्तंभ ठेवा. दाब ९३ पेक्षा वाढला की व्हेगस वाढवायचा, घटला की सिंपथेटिक (ठोके वाढवणारे मज्जातंतू).

सुरुवातीला फक्त सिंपथेटिक जोडले, पाच सेकंदांच्या सुस्तीसह. दाब एका जागी थांबेना, दर वीसेक सेकंदांनी वर-खाली. उशिरा येणारे उत्तर नेहमी मागच्या प्रश्नाचे असते. जोर निम्मा केला आणि जलद काम व्हेगसकडे दिले, तो पुढच्याच ठोक्यात उत्तर देतो. मग स्थिरावले. चिमटा एकदम सैल केला: दाब ९३ वरून ७०, ठोके ७२ वरून ९८, आणि दहा-बारा सेकंदांत दाब पुन्हा ८८.

२ मार्च

डाव्या सर्वोचे दाते गेले, ११ तासांच्या चालीनंतर. ७२ च्या गतीने ४७,५२० ठोके. दाते बदलताना हाताची शून्य स्थिती पुन्हा लावावी लागते: पाट पूर्ण दाबलेला असताना पिशवीत २३ मिली उरले पाहिजेत. कमी उरले तर पिशवीचे दोन थर घासून फाटतात.